बेचाळीस नंबर, वय सोळा

माझी आत्या कागदोपत्री माझी आजी लागते. हे मी थट्टेनं सांगत नाही. तसा कागद आहे, आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर पंधरा वर्षं बसलेल्या माणसाला कागदाशी भांडता येत नाही. आत्याला येतं. ती कागदाशी भांडते, लिफ्टशी भांडते, आणि भांडायला कुणीच सापडलं नाही तर मला फोन करते.

तिचं खरं वय सत्तर. कागदावर एकोणऐंशी. मधली नऊ वर्षं तिला एका कारकुनानं एका सकाळी उभ्या उभ्या बहाल केली.

झालं असं की आमचे आजी-आजोबा सूतगिरणीत कामाला होते आणि गिरणीच्याच मागे, खोल्यांच्या लांबलचक रांगेत, एका खोलीत राहायचे. खोलीचा नियम एकच होता, खोलीमागे तीन माणसं कामावर हवीत. तिसरे होते आजोबांचे धाकटे भाऊ. ते एका दुपारी साबण आणतो म्हणून गेले ते अजून यायचे आहेत. मुकादमानं दुसऱ्याच दिवशी येऊन बजावलं, शनिवारपर्यंत तिसरा माणूस दाखवा, नाहीतर सामान बाहेर काढा. घरात उरली होती दोनच माणसं. आत्या, वय सात, आणि माझे वडील, वय तीन महिने. वडिलांच्या नावाचाही विचार झाला होता, असं आत्या आजही शपथेवर सांगते.

आता कायदा होताच. सोळा वर्षांखालच्या कुणालाही यंत्रावर ठेवायचं नाही. गिरणीचा मालक कायद्याला जपणारा माणूस. त्यानं एकही पोर कामावर घेतलं नाही, आलेल्या प्रत्येक पोराचं वय वाढवून घेतलं. हे खातं हजेरी कारकुनाकडे असायचं. त्यानं विचारलं, पोरीचं वय काय. आजोबा भोळे, सात म्हणाले. कारकुनानं टाक खाली ठेवला आणि नीट आठवून सांग म्हणाला. आजोबा आठ म्हणाले. कारकून खिडकीबाहेर बघत बसला. नऊ, दहा, बारा असा भाव चढत गेला, मागे रांग खोळंबली, रांगेतली माणसंही वैतागून आकडे सुचवू लागली, आणि सोळा ऐकल्यावर कारकुनानं टाक उचलला. आत्या तेव्हा आजोबांचं बोट धरून उभी होती. तिला भलताच आनंद झाला. घरी जाऊन तिनं आजीला ठणकावलं की मी आता मोठी झाले, बाळाला झोपवायचं काम माझ्याकडे नको.

तिला पत्र्याचा गोल बिल्ला मिळाला, नंबर बेचाळीस. आजीचा एकेचाळीस होता.

काम सोपं होतं, असं ती म्हणते. यंत्रावर शेकडो धागे पळत असतात, त्यातला तुटेल तो पकडून सांधायचा, आणि यंत्र चालू असतानाच त्याच्याखाली सरपटत जाऊन साचलेला कापूस ओढून काढायचा. मोठं माणूस त्या फटीत मावत नाही. म्हणजे जे काम फक्त पोरालाच जमावं ते करायला तिथे सगळे सोळाचे नि सतराचे, आणि याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. भोंगा ते भोंगा बारा तास. खिडक्यांना खिळे ठोकलेले, कारण वाऱ्यानं धागा तुटतो. दाराला बाहेरून कडी. तिचं कारण कुणी सांगितलं नाही. उभ्या उभ्या डुलकी लागली की मुकादम डावा कान पिळून जागं करायचा. आत्याचा डावा कान उजव्यापेक्षा नखभर लांब आहे, आणि तो ती लग्नघरातल्या अनोळखी पाहुण्यांनाही दाखवते.

वर्षातून एकदा तपासणीचे साहेब यायचे. आदल्या दिवशी मुकादम फर्मान सोडून जायचा की उद्या सगळ्यांनी मोठं दिसायचं. मग कुणी बापाची टोपी घालायचं, कुणी कोळशानं मिशी रंगवायचं. एका पोरानं हौसेनं दाढीही काढली होती, ती दुपारपर्यंत घामानं गळ्यात उतरली. आत्याला मिशी चालणार नव्हती. साहेब दारात आले तेव्हा मुकादमाला ऐन वेळी सुचलं. आजीनं बॉबिनच्या टोपलीत एक तान्हं मूल झोपवलं होतं, दूध पाजायला सोबत आणलेलं. त्यानं ते उचललं आणि आत्याच्या कडेवर ठेवलं. ते मूल म्हणजे माझे वडील. साहेब समोर येऊन थांबले आणि त्यांनी प्रेमानं विचारलं, किती महिन्यांचा. आत्या म्हणाली, आईला विचारून सांगते. मुकादम मध्ये पडला की लाजते हो, पहिलंच आहे. साहेबांनी मान डोलावली आणि वहीत लिहायला सांगितलं, बेचाळीस नंबर, विवाहित, एक मुलगा.

पुढे गिरणीच्या दाखल्यावरून बाकीचे कागद निघाले, आणि माझे वडील आपल्या सख्ख्या बहिणीचे चिरंजीव झाले ते कायमचे. दोघांचं वाजलं की आत्या शांतपणे विचारते, आईशी असं बोलतात का रे. वडील रागानं खोलीबाहेर जातात.

तिचं लग्न जमलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, दाखल्यावर अठ्ठावीस. नवऱ्याकडच्यांनी दाखल्यावरचं फक्त वय पाहिलं आणि मुलगी वयाच्या मानानं फारच कोवळी दिसते म्हणून खूश होऊन गेले. नंतर ती इस्पितळाच्या धुलाई विभागात लागली. तिथून तिला साठ झाल्याबद्दल निवृत्त केलं तेव्हा ती एक्कावन्नची होती आणि त्याच सकाळी तिनं ओल्या चादरींची दोन गाठोडी तीन मजले वर नेली होती. निरोपाच्या भाषणात डॉक्टरांनी उरलेलं आयुष्य विश्रांतीत घालवा असा सल्ला दिला. तिला घरी विश्रांती जमेना आणि आम्हाला ती घरी जमेना.

या खोट्या वयाचा तिला एकच फायदा झाला. ज्येष्ठांच्या चालण्याच्या स्पर्धेत ती पंचाहत्तरीच्या पुढच्या गटात उतरते. चार वर्षं ओळीनं पहिली. बाकीच्या म्हाताऱ्यांनी तक्रार केली, आयोजकांनी कागद तपासले, कागद चोख निघाले. वर्तमानपत्रवाल्यानं या तब्येतीचं गुपित विचारलं तेव्हा ती म्हणाली, लहानपणी व्यायाम भरपूर झाला.

मी नोंदणी खात्यात चिकटलो तेव्हा तिनं पेढ्याऐवजी अर्ज आणला. वय दुरुस्त करून दे म्हणाली. मी नियम सांगितला, जन्माचा पुरावा हवा. ती म्हणाली, तुझ्या बापाला विचार, तो होता तिथे, माझ्या कडेवर. मी म्हटलं, आत्या, पाच महिन्यांच्या साक्षीदाराची साक्ष धरत नाहीत. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तो महिना आमच्या घरात फार शांततेत गेला, हे मला कबूल केलं पाहिजे.

गिरणी बंद पडली त्याला तीस वर्षं झाली. आता तिथे संग्रहालय केलं आहे. यंत्रं तेल लावून ठेवलीत, खिडक्यांना काचा बसवल्यात, जिथे कापूस उडायचा तिथे आता कॉफी मिळते. मी आत्याला ते दाखवायला नेलं. बायको म्हणते ती माझी चूक होती, आणि बायको सहसा चुकत नाही.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं होतं. आत्या यंत्रांना हात लावत होती, पहारेकरी हात काढायला सांगत होता. मग ती एका मोठ्या पाटीसमोर थांबली. आत्या वाचायला शिकली ती तिशीत, मुलीच्या पहिलीच्या पुस्तकावरून, त्यामुळे ती बोट ठेवून आणि मोठ्यानं वाचते. सगळ्या दालनाला ऐकू गेलं. “नोंदींनुसार या गिरणीत सोळा वर्षांखालील एकही कामगार नव्हता.” तिनं ते वाक्य दोनदा वाचलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, हे कुणी लिहिलं?

ज्यांनी लिहिलं होतं ते साहेब आले. संग्रहालयाचे प्रमुख, चाळिशीचे, पँटची इस्त्री अशी की कडेनं बोट कापावं. माणूस सज्जन होता. त्यांनी आत्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. तिनं कानही दाखवला. त्यांनी तो वाकून पाहिला आणि म्हणाले, “आजी, तुमच्या भावना मला समजतात. पण आम्हाला नोंदींवर जावं लागतं.”

हे माझं वाक्य. मी ते दिवसातून वीसदा म्हणतो. खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभं राहून ते ऐकायची माझी पहिलीच वेळ, आणि मला त्या सज्जन माणसाला एक ठेवून द्यावीशी वाटली.

घरी परतताना आत्या गाडीत म्हणाली की ती पाटी उतरल्याशिवाय मी मरणार नाही. शिवाय कागदाप्रमाणे माझ्याकडे नऊ वर्षं कमी आहेत, तेव्हा तू जरा हात चालव. चेष्टा करत होती, पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मी पुतण्या म्हणून कधी फार उपयोगी पडलो नाही, पण अर्ज लिहिणारा माणूस म्हणून मला तोड नाही. मूळ हजेरीपुस्तक पाहायला मिळावं, असा अर्ज मी तीन प्रतींत केला, सोबत दोन जोडपत्रं, आणि साहेबांना नाही म्हणायला एकही फट ठेवली नाही. तीन आठवड्यांनी आम्हाला बोलावणं आलं.

पुस्तक टेबलावर मऊ उशीवर ठेवलं होतं. साहेबांनी हातात पांढरे सुती मोजे चढवले. आत्यानं विचारलं, हे कशाला. पानांना इजा होऊ नये म्हणून, ते म्हणाले. आम्हाला नव्हते दिले, आत्या म्हणाली. साहेबांनी पुस्तक उघडलं.

तिनं एकेचाळीस नंबर काढायला सांगितला. एरवी लोकांना काचेखाली उघडं दिसतं ते पान निराळं, हे पुस्तकात आत होतं. अक्षर सुरेख. आत्याला शाई पुसट दिसत होती म्हणून साहेबच वाचू लागले, आणि त्यांना आपल्या पुस्तकाचा अभिमान होता म्हणून चांगलं खणखणीत वाचू लागले. एकेचाळीस नंबर, स्त्री, विवाहित, वय चोवीस. बेचाळीस नंबर, स्त्री, विवाहित, एक मुलगा, वय सोळा. कोणाच्या ओळखीने लागली: आई, नंबर एकेचाळीस.

माझं आयुष्य जन्मतारखांत गेलंय, माझी वजाबाकी आपोआप झाली. आत्यानं साहेबांना परत वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी ते सोळावर अडखळले.

“म्हणजे मी झाले तेव्हा आई आठ वर्षांची,” आत्या म्हणाली. “आणि चोविसाव्या वर्षी आजी. कर्तबगार होती.”

खरी गोष्ट ही की आजी तेहतीसची होती. तिशीच्या वरच्या बायकांना यंत्रावरून काढायचे, म्हणून त्या कारकुनानं तिला चोवीसची केली. मुलांना वर चढवायचा, बायकांना खाली उतरवायचा, आणि मधे कुठेतरी सगळ्या घराला एका वयाचं करून ठेवायचा. बेरीज कधी कुणी ताडून पाहील, असं त्याला वाटलंच नसावं. त्रेसष्ट वर्षं पाहिलीही नव्हती.

साहेब म्हणाले, लेखनिकाची चूक असू शकते. चूक एकदा होते, आत्या म्हणाली, पुढचं पान उलटा. साहेबांनी उलटलं. एक बाप सव्वीस, त्याचा मुलगा अठरा. दोन भाऊ, थोरला सोळा, धाकटा सतरा. एक बाई वीस वर्षांची, तिच्या ओळखीनं लागलेल्या तिच्याच तीन मुली. साहेब पानं उलटत राहिले, आता त्यांना कुणी सांगत नव्हतं. मी हसू दाबत होतो, आणि एका क्षणी साहेबांनाच हसू फुटलं, मग माझाही बांध सुटला. आम्ही दोघे सरकारी नोकर टेबलाला धरून हसत होतो. अकरा पानांनंतर साहेबांचं हसू थांबलं. त्यांनी मोजे काढले आणि खुर्चीत बसले.

आत्या हसली नव्हती. ती म्हणाली, मागे जा. त्रेचाळीस नंबर वाचा.

साहेबांनी मोजे न घालताच पान उलटलं. त्रेचाळीस नंबर, स्त्री, अविवाहित, वय सतरा. शेरा: स्वेच्छेने काम सोडले.

“ही वाटाणा,” आत्या म्हणाली. “खरं नाव मला माहीत नव्हतं, सगळे वाटाणाच म्हणायचे. माझ्यापेक्षा लहान. सहाची. हिला माझ्याहून मोठी लिहिलीय. कापूस काढायला यंत्राखाली गेली आणि परत बाहेर आली नाही. यंत्र थांबवलं नाही लवकर. दुसऱ्या दिवशी तिचा बिल्ला नव्या पोरीला दिला.”

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. ही बाई दिवसभर बोलते. कानाची गोष्ट, मिशीची गोष्ट, माझ्या वडिलांची गोष्ट तिनं शंभर वेळा सांगून आम्हाला हसवलंय. हे एक नाव मात्र तिनं घरात कधी काढलं नव्हतं. आम्ही हसत होतो म्हणून तिनं कधी सांगितलं नसेल, असं मला तिथे पहिल्यांदा वाटलं.

“मी जिवंत आहे, मी भांडीन,” ती साहेबांना म्हणाली. “मला मोठी लिहिलंत, चाललं. तिला एकदा तरी लहान लिहा.”

पाटी उतरायला चार महिने लागले. आमच्या खात्यात एक वर्ष लागलं असतं. वरून दोन पत्रं आली की नोंदींचा असा उलटा अर्थ काढता येणार नाही, आणि त्या सज्जन माणसानं दोन्ही पत्रांना उत्तर म्हणून पुस्तकाच्या त्या अकरा पानांची नक्कल पाठवली, सोबत एका ओळीचं पत्र, की कृपया बेरीज तपासून द्यावी. कुणी तपासून दिली नाही. या काळात आत्यानं त्यांना इतके फोन केले की शेवटी तेच तिला सकाळी आपणहून फोन करून मोकळे व्हायचे.

नवी पाटी लावायच्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावलं. सुतार शिडी घेऊन तयार होता. संग्रहालयाचा नियम असा की पाटी जमिनीपासून पाच फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येते. सुतारानं भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. आत्या म्हणाली, तिथे नको, खाली. सुतारानं वीतभर खाली खूण केली. आणखी खाली, आत्या म्हणाली. सुतार साहेबांकडे बघू लागला. तेव्हा आत्या स्वतः भिंतीपाशी गेली आणि तिनं तळहात आडवा धरला, आपल्या कमरेच्याही खाली.

“वाटाणा एवढी होती.”

साहेब हळूच म्हणाले की आजी, लोकांना वाचायला वाकावं लागेल.

“वाकतील,” आत्या म्हणाली.

सुतारानं शिडी बाजूला ठेवली आणि जमिनीवर बसून खिळे ठोकले. पाटी सरळ लागली का ते बघायला साहेब त्या इस्त्रीच्या पँटीत फरशीवर गुडघ्यांवर बसले. मग मीही बसलो. माझं पोट मधे येतं, मला ते सोपं नाही. पहिली ओळ होती, “वाटाणा, वय सहा.” जन्माचा पुरावा म्हणून काय जोडलं आहे, हे मी विचारलं नाही.